पोसायला दिलेला कोलू

"मयुरीबाई, तुमची पिशवी गाऊन राह्यली."

नथ्थूभाऊंनी गाडी ब्रह्मपुरीच्या स्टँडबाहेर काढता काढता आरशातून मागे पाहिलं. गाडी भरलेली होती. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा दिवस, त्यामुळे दर दुसऱ्या मांडीवर एक पोरगं आणि दर पोराच्या मांडीवर एक लाकडी बैल. त्या सगळ्या गलक्यातूनही मयुरीच्या पिशवीतलं टुंयटुंय गाणं ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोहोचत होतं.

"गाऊ द्या, भाऊ."

"मोबाईल होय का? बंद करा न बाई, डोस्कं उठलं माह्यं."

"बंद नाई करता येत. बंद केलं तं मरते."

"कोण मरते?"

"अजून कोणी नाई. मूलच्या स्टँडवर गेल्यावर पाहू," मयुरी म्हणाली आणि तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून पुढच्या बाकाकडे वळली.

पण नथ्थूभाऊंसारखा ड्रायव्हर उगाच दुखवू नये, म्हणून दोन तिकिटं फाडून झाल्यावर तिने पिशवीत हात घातला आणि आवाजाचं चाक फिरवून गाणं बारीक केलं. आत होतं ते जाड, राखाडी, पिवळट पडलेलं एक खेळाचं यंत्र. हातात धरायचं, दोन लाल गुंड्या, एक फुलीसारखी दिशांची कळ, आणि शेवाळी रंगाचा काच-पडदा. पहाटे पाच वाजता तिने त्यात चार नवे पेन्सिल सेल घातले होते. तेव्हापासून ते चालूच होतं, आणि गाडी मूल गावाला पोहोचेपर्यंत चालू राहणं भाग होतं.

कारण यंत्राच्या पाठीत खोचायच्या खेळाच्या डबीत एक गोल बॅटरी असते, बटणाएवढी. यंत्र बंद असताना तिच्या जिवावर खेळाला सगळं आठवत राहतं. मयुरीच्या डबीतली ती बॅटरी कधीच मेली होती. ब्रह्मपुरीच्या मोबाईलवाल्याने डबी कानाशी हलवून सांगितलं होतं, "खेळता येईन ताई, पण बंद केला का सारं पुसून जाईन. बॅटरी नागपूरवरून मागवा लागते. आठ दिवस." आठ दिवस तिच्याकडे नव्हते. तिचा मामेभाऊ आदेश पोळ्यासाठी मूलला आला होता आणि रविवारी परत पुण्याला जाणार होता.

सकाळी घरातून निघताना गल्लीतल्या बाया मारबत म्हणून पळसाच्या फांद्या गावाबाहेर टाकायला चालल्या होत्या. "खोकला, खरूज, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!" मयुरीनेही पदर खोचून त्यांच्यामागे चार पावलं टाकली आणि सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडली, "आदेशले घेऊन जा गे मारबत!" शेजारणीने चमकून पाहिलं. मयुरी ड्युटीवर निघून गेली.

आता या आदेशने तिचं काय घोडं मारलं होतं? घोडं नाही, कोल्हा. आणि मारलाही नव्हता, हीच तर खरी गोष्ट आहे.

चोवीस वर्षांपूर्वी रामाजी मामा मस्कतहून परतला. तिथे तो सळया वाकवायच्या कामाला होता. येताना त्याने कुठल्याशा साहेबाच्या पोरांनी टाकून दिलेली दोन खेळाची यंत्रं आणली. एक स्वतःच्या पोराला, आदेशला, आणि एक बहिणीच्या पोरीला. मयुरी अकरा वर्षांची, आदेश दहाचा. तिचं गाव चिंचटोला, नागभीड-सिंदेवाही रस्त्यापासून आत दीड कोस. त्या गावात तोवर घड्याळातल्या सेलपलीकडे कोणी सेल पाहिलेला नव्हता.

खेळ साधा होता. एक पोरगा गावोगाव फिरतो. उंच गवतात पाय ठेवला की कुठलंतरी विचित्र जनावर समोर उभं राहतं. त्याला आधी दमवायचं, मग खेळातल्या पोराकडची गोल डबी फेकायची. डबीत ते गावलं की आपलं. मग त्याला पोसायचं, लढवायचं, मोठं करायचं. दीडशेच्या वर जनावरं, सगळी पकडायची. मयुरीला इंग्रजी येत नव्हतं, आणि तिचं त्यावाचून अडलंही नाही. पडद्याला उजेड नव्हता म्हणून ती दुपारी उंबऱ्यात बसायची, ऊन सरकेल तशी सरकायची. सेल उतरले की दातांनी दाबायची, उन्हात वाळत घालायची, म्हणजे अजून अर्धा तास निघे. ते गाणं तिच्या कानात इतकं बसलं होतं की धान रोवण्याच्या वेळी शेतातल्या बांधीत वाकलेली असतानाही ती तेच गुणगुणायची, आणि आई रंभा चिखलाचा गोळा फेकून मारायची.

खेळाने सुरुवातीला नाव विचारलं तेव्हा मयुरीने बापाचं नाव घातलं. रेशनकार्ड बापाच्या नावावर, बैल बापाच्या नावावर, मग एवढी मोलाची वस्तू दुसऱ्या कोणाच्या नावावर कशी असेल? शाळेच्या पाटीवर अक्षरं जुळवून जुळवून तिने लिहिलं: ITWARI. त्यामुळे ती जे जनावर पकडेल, त्याच्या पानावर मालक म्हणून इतवारीचं नाव उमटे.

इतवारी शेळ्या पाळायचा. त्याला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण जनावर म्हटलं की त्याची मान वळे. एके दिवशी गवतातून कोल्ह्याच्या तोंडाचं, मोरासारख्या पिसांच्या शेपटीचं एक जनावर निघालं. ते आठ दिवसांत एकदाच दिसलं होतं. मयुरी घाईघाईने डब्या फेकू लागली. प्रत्येक डबी फोडून ते बाहेर.

"दे इकडे," दोर वळत बसलेला इतवारी म्हणाला. "काऊन घाई करून राह्यली? दमू दे त्याले. दमल्याबिगर कोणतंच जनावर हातात येत नाई."

शेवटची एकच डबी उरली होती. इतवारीने यंत्र हातात घेतलं, लाल गुंडीवर आपला जाड अंगठा ठेवला, आणि थांबला. मयुरीला वाटलं, बाबा झोपले की काय. मग त्याने गुंडी दाबली. डबी हलली, हलली, आणि गप्प झाली.

"कोलू," इतवारी म्हणाला. जनावराला त्याने तेच नाव दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सेल संपले. चार सेल दोन दिवसांत खलास व्हायचे, आणि चिंचटोल्यात ते आणायचे कुठून? आदेशच्या घरी मात्र मामाने मूलला किराणा दुकान टाकलं होतं. सेलची पेटीच फडताळात. तेव्हा तोडगा इतवारीनेच काढला. आमच्याकडे शेळी पोसायला देतात. पहिलं पिल्लू पोसणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, आणि मूळ जनावर कायम मालकाचं. मेलंच, तर पोसणाऱ्याने कातडं आणून मालकाच्या अंगणात टाकायचं. कातडं आलं नाही तर जनावर जिवंत आहे, असंच गाव धरून चालतं.

"आदेशले पोसायले दे," इतवारी म्हणाला. "पोळ्याले वापस घेऊ."

दोन यंत्रं जोडायची एक तार मामाने आणली होती. तारेतून एक जनावर गेलं की दुसरं यावंच लागतं, नुसतं देता येत नाही. म्हणून आदेशने बदल्यात एक उंदीर दिला, सगळ्यात पहिल्या गवतात मिळतो तो, कवडीमोलाचा. कोलू तारेतून मूलला गेला.

पोळ्याला आदेश म्हणाला, "अजून मोठा होऊन राह्यला." दिवाळीला म्हणाला, "मेला तो. पुसल्या गेला."

इतवारी हसला. "मंग कातडं कुठी आहे गा? कातडं आणल्याबिगर मेला समजाचं नाई."

त्या वर्षीच्या थंडीत तापाने, मेंदूच्या मलेरियाने, चार दिवसांत इतवारीच गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या हाताचं म्हणावं असं काही उरलं असेल तर ते एक कोल्ह्याच्या तोंडाचं जनावर, आणि तेही मामाच्या पोराकडे, मेलेलं की जितं याचा पत्ता नाही.

पुढच्या राखीला मयुरीने ओवाळणीच्या ताटात आदेशची नोट घेतली नाही. सगळ्यांदेखत विचारलं, "कातडं आणलं का?" त्यानंतर दरवर्षी तेच. घरचे आधी हसले, मग कंटाळले, मग त्यांना ऐकूही येईनासं झालं. आदेश पुण्याला शिकायला गेला तेव्हा ती राखी पोस्टाने पाठवायची, आणि सोबत चिठ्ठीत एकच शब्द: कातडं? एका माणसावरचा राग चोवीस वर्षं टिकवणं येरागबाळ्याचं काम नाही. लोणच्याची बरणी हलवून ठेवावी तसा ती तो वर्षातून एकदा हलवून ठेवायची. बाकी वर्षभर तिचं आयुष्य चारचौघींसारखं चाललं होतं: लग्न, दोन लेकरं, एसटीतली अकरा वर्षांची नोकरी, गुडघेदुखी.

आणि आठ दिवसांपूर्वी डेपोच्या विश्रांती कक्षात डबा खाता खाता मोबाईलवर तिच्यासमोर आदेशचा व्हिडिओ आला. तो जुन्या खेळांवर व्हिडिओ करतो, हे तिला माहीत नव्हतं. आधी ते गाणं वाजलं. खरं सांगायचं तर आधी तिला राग आलाच नाही. घास हातात राहिला, उंबऱ्यातलं ऊन आठवलं, चिखलाचा गोळा आठवला, आणि डोळे भरून आले. आदेश शुद्ध पुणेरीत सांगत होता, "हा माझ्या बालपणीचा सोबती. आठ दिवस गवतात भटकून मी स्वतः पकडलेला." पडद्यावर पिसांच्या शेपटीचं जनावर. शंभराव्या पातळीचं, खेळात त्याच्यावर पायरी नाही. मग क्षणभर त्याचं पान आलं. मयुरीने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला.

मालक: ITWARI.

चाळीस हजार माणसांनी तो व्हिडिओ पाहिला होता. त्यातल्या एकालाही हे नाव कोणाचं, असं विचारावंसं वाटलं नव्हतं.

गाडी मूलला साडेबाराला लागली. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटं. मयुरीने पिशवी छातीशी धरली आणि स्टँडमागच्या गल्लीत मामाच्या घराकडे चालू लागली. पहाटेपासूनच्या दोन तासांत तिने तारेचा व्यवहार उघडेपर्यंतचा खेळ खेळून घेतला होता. नाव पुन्हा तेच घातलं होतं. आणि पहिल्या गवतातला एक उंदीर पकडला होता, मुद्दाम.

रामाजी मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. "मयुरी? ये व बाई. ड्रेसवरच आली? बस, पुरणपोळी खाय."

"आदेश कुठी आहे?"

आदेश आतल्या खोलीत होता. टेबलावर दिवा, तिपाईवर कॅमेरा, आणि दिव्याखाली ते यंत्र, तिच्या यंत्राचं जुळं भावंड. फक्त हे पुसून चकचकीत ठेवलेलं.

"ताई!" तो उठला. मग त्याने तिच्या हातातलं यंत्र पाहिलं, तार पाहिली, आणि परत बसला.

"कातडं न्यायले आली," मयुरी म्हणाली. "पण ऐकलं का जनावर जितं आहे. मंग जनावरच नेतो."

आदेशने कॅमेरा भिंतीकडे फिरवला. चौतीस वर्षांचा माणूस, चष्मा, पोट सुटलेलं. त्याचं पुणेरी कुठल्या कुठे गेलं. "दिवाळीले खोटं बोललो मी. मले लय आवडला होता तो. वाटलं, दोन-तीन महिने ठेवतो, मंग सांगतो का सापडला म्हणून. अन् तुह्ये बाबा, फुफाजीच गेले. मंग कसा सांगू? मेला म्हटलेलं जनावर जितं कसं करू? तू दर राखीले कातडं मागे, अन् मी..."

"अन् तू चाळीस हजार लोकाईले सांगतलं का मीच पकडला."

रामाजी मामा दारात येऊन उभा राहिला होता. "अरे बापा, खेळण्यापायी काऊन भांडता? पोरंबाळं झाले तुमचे."

"मामा, तुमी बसा," मयुरी म्हणाली. "लाव तार."

आदेशने तिचं यंत्र हातात घ्यायला हात पुढे केला. तिने यंत्र मागे ओढलं. त्याने पडद्यावरच्या दोन तासांच्या नव्या खेळाकडे, मग पिवळट पडलेल्या जुन्या डबीकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. शेवटी तो त्याच धंद्यातला. "ताई, बॅटरी गेली आहे का हिची? सकाळपासून चालूच ठेवला?"

"हो."

"मंग नको नेऊ. आयक. बंद झाला का पुसल्या जाईन तो. माह्या जवळ बॅटऱ्या आहेत, डाग द्याचं सामान आहे. अर्धा तास दे. नवीन टाकून देतो, मंग खुशाल ने. मी दोनदा बदलली माह्या डबीची, त्याच्याचसाठी. तो अजून पंधरा वर्षं राहीन तुह्यापाशी."

मयुरीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बारा पन्नास. गाडी एक दहाला. पण खरं कारण घड्याळ नव्हतं.

"तुह्या हातात देऊ?" ती म्हणाली. "अजून एकदा?"

"ताई, आईची आन..."

"पोळ्याले वापस, असंच म्हटलं होतं. तो पोळा होऊन चोवीस वर्षं झाले. लाव तार."

आदेशने तार लावली. दोन्ही पडद्यांवर दोन पोरगे टेबलाच्या दोन बाजूंना येऊन बसले. तिकडून कोलू, इकडून उंदीर. खेळाने विचारलं, नक्की? आदेशने अंगठा गुंडीवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मयुरीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुरतं, पोटभर पाहिलं. चोवीस राख्यांना तिने हाच चेहरा मनात रंगवला होता, आणि तो हुबेहूब तसाच होता.

त्याने गुंडी दाबली. तारेतून एक डबी घरंगळत गेली, एक घरंगळत आली. आदेशच्या पडद्यावर दुसऱ्या पातळीचा उंदीर नाक हलवत उभा राहिला.

"हे तुह्यं होतं," मयुरी म्हणाली. "ठेव आता. पोस."

मामाने दिलेली पुरणपोळी तिने घेतली नाही.

सूड गोड लागतो म्हणतात. लागलाही. मूल सुटलं, गाडी साग आणि बांबूतून धावू लागली, आणि मयुरी तिकिटं देता देता मनातल्या मनात आदेशचा तो अंगठा पुन्हा पुन्हा गुंडीवर टेकवत होती. नथ्थूभाऊंनी विचारलं, "मेलं का कोणी?" ती म्हणाली, "नाई, वाचला!" आणि मोठ्याने हसली. सूड सिंदेवाहीपर्यंत गोड लागला.

सिंदेवाहीला गाडी अर्धी रिकामी झाली. मयुरी आपल्या बाकावर बसली, मांडीवर यंत्र घेतलं. कोपऱ्यातला सेलचा लाल दिवा मंदावला होता. पानठेल्यावरचे स्वस्तातले सेल. ते बदलायचे तर आधी काढायला हवेत, आणि काढले की खेळ संपला. तिला हे सकाळपासून माहीत होतं. माहीत असणं आणि दिवा मंद होताना पाहणं वेगळं असतं.

तिने कोलूचं पान उघडलं. पातळी शंभर. एकूण एक डाव शिकलेला. आदेशने त्याला पोसला होता, चांगला पोसला होता, हे तिला कबूल करावं लागलं. शेळी ज्याच्याकडे द्यावी तो असाच असावा. तो खोटारडा होता. पण अर्धा तास मागताना खोटं बोलत नव्हता, हे तिला तेव्हाच, त्याच खोलीत कळलं होतं. कळूनही तिने तार लाव म्हटलं. परतीची फेरी चुकली असती, मेमो मिळाला असता, फार तर एक दिवसाचा पगार गेला असता. बाबा असते तर थांबले असते. बाबा शेवटच्या डबीशीही थांबले होते.

"घाई केली मी," ती म्हणाली. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला वाटलं त्यालाच म्हणाली. तो म्हणाला, "होते बाई."

पानाच्या तळाशी नाव होतं. पडद्याची अक्षरं फिकी होत चालली होती, तिने यंत्र खिडकीच्या उन्हाकडे तिरपं केलं, उंबऱ्यात धरायची तसं. I T W A R I. बाहेर बांध्यांत धान गुडघाभर उभं होतं. गाणं आता ओढून ओढून येत होतं. तिने चाक फिरवून आवाज मोठा केला. गाडीतल्या एकदोघांनी वळून पाहिलं.

चिंचटोल्याचा फाटा दोन वळणांवर राहिला असताना पडद्यावर एक आडवी रेघ आली आणि काच साधी काच झाली. लाल दिवा आणखी थोडा वेळ होता. मग तोही गेला.

मयुरीने तार गुंडाळली. यंत्र पिशवीत ठेवलं, वर डबा ठेवला, चेन लावली. उठून दोरी एकदा ओढली.

फाट्यावर गाडी थांबली. मोहाच्या झाडाखाली कोणी उभं नव्हतं. मयुरीने दार उघडलं आणि दांडी धरून तशीच उभी राहिली. आतून कोणी उठलं नाही. रस्ता झाडीत शिरून बाबांच्या गावाकडे वळत होता.

नथ्थूभाऊंनी आरशात पाहिलं. "कोण होय बाई? इथी तं कोणाचंच तिकीट नाई."

"उतरला," ती म्हणाली. दार ओढून घेतलं, आणि दोरी दोनदा ओढली.